कुर्माघर, पांढरा गणवेश आणि पाच गुण

४ जुलै
नर्सिंगच्या नव्या बॅचचे फॉर्म तपासले. मातृभाषेच्या रकान्यात सगळ्यांनी मराठी लिहिलंय. दुपारी वर्गात विचारलं, घरी आजीशी कशात बोलता? मग एकेक बाहेर आलं. सिरोंच्याची मुलगी तेलुगू बोलते. मुलचेऱ्याचा मुलगा बंगाली. पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबं त्या पट्ट्यात वसवली गेली, त्यांतलं त्याचं घर. कोरचीकडची छत्तीसगढी. मागच्या बाकावरची भामरागडची मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "माडिया." आणि लगेच, "पण मराठी चांगली येते, मॅडम."

गडचिरोलीच्या वॉर्डात लागणाऱ्या बहुतेक भाषा या एका वर्गात बसल्या आहेत, आणि फॉर्म भरतानाच त्या खोडल्या जातात.

९ जुलै
आज लायनिंगर शिकवली. मॅडलिन लायनिंगर, अमेरिकन नर्स. मनोरुग्ण मुलांबरोबर काम करताना तिला दिसलं की वेगवेगळ्या घरांतून आलेली मुलं एकाच प्रकारच्या शुश्रूषेला सारखा प्रतिसाद देत नाहीत. मग ती मानववंशशास्त्र शिकली, न्यू गिनीत गाडसप लोकांच्यात जाऊन राहिली आणि १९७० मध्ये नर्सिंग व मानववंशशास्त्राची सांगड घालणारं पुस्तक लिहिलं. बाईंनी एवढी पायपीट केली आणि गाइडवाल्यांनी त्याचा तक्ता करून टाकला: जमात, आहार, अंधश्रद्धा. मुलं तोच पाठ करतात. परीक्षेत गुणही मिळतात.

म्हणून इरिहापेती रॅम्सडेनही सांगितली, अभ्यासक्रमात असो-नसो. न्यूझीलंडची माओरी नर्स. तिचं म्हणणं, रुग्णाच्या चालीरीती पाठ करण्याआधी नर्सने स्वतःच्या सवयी, स्वतःचा अधिकार तपासावा. आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही हे रुग्णाने ठरवावं. १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हे शिक्षणात आणलं, त्यानंतर वर्तमानपत्रांतून भरपूर राळ उठली. लातूरच्या मुलीने विचारलं, "पेशंट ठरवणार म्हणजे मार्क पेशंट देणार का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला.

१७ जुलै
पोस्टिंग. एका विद्यार्थिनीने केसपेपरवर लिहिलं होतं, 'हिस्टरी विश्वासार्ह नाही.' का, तर ताप कधीपासून आहे हे बाईला सांगता येईना. भामरागडची मुलगी खाटेजवळ उकिडवी बसली, माडियातून दोन वाक्यं बोलली. बाई म्हणाली, मागच्या बाजाराच्या आदल्या रात्रीपासून. आठवडी बाजाराचा वार माहीत असला की तारीख काढायला किती वेळ लागतो? थंडी वाजून ताप, एक दिवसाआड. मलेरियाची स्लाइड लगेच पाठवली.

पुढे जे झालं ते मला आवडलं नाही. दिवसभर "जरा इकडे ये गं" चालू राहिलं. डॉक्टर, स्टाफ सिस्टर, तिच्याच वर्गातल्या मुली, सगळ्यांना ती हवी. संध्याकाळी सह्या घ्यायला वह्या आल्या, त्यात हिच्या वहीत एकही केस पूर्ण नव्हती. दुभाष्याच्या कामाला लॉगबुकात रकाना नाही. आमचं सगळं वैविध्य असं एका पोरीच्या पाठीवर लादायचं आणि वर तिलाच 'काम अपूर्ण' म्हणायचं.

२४ जुलै
कुर्माघरावरून वर्गात जुंपली. पाळीच्या दिवसांत माडिया बायका गावकुसाजवळच्या ज्या झोपडीत राहतात, ती. पावसात गळते, साप-विंचवाचं भय. बीडची मुलगी म्हणाली, "हे बंदच करायला पाहिजे, किती मागास!" भामरागडची पहिल्यांदाच तडकून बोलली, "तुझ्या घरी त्या दिवसांत देवघरात जातेस का? लोणच्याच्या बरणीला हात लावतेस?" शांतता. मग वर्गातल्या बऱ्याच जणी हळूहळू बोलत्या झाल्या. मुलगे वहीत डोकं घालून बसले होते. त्यांनाही मुद्दाम बोलायला लावलं.

लायनिंगरचे तीन मार्ग फळ्यावर लिहिले: आहे ते जपणं, जुळवून घेणं, बदलायला मदत करणं. कुर्माघर कुठे बसवाल? संस्थांनी काही गावांत पक्की, दिवे-पाण्याची कुर्माघरं बांधून दिली, तो दुसरा मार्ग. मुलचेऱ्याचा मुलगा म्हणाला, "सिमेंटचं बांधलं म्हणजे प्रथा अजून पन्नास वर्षं पक्की." त्याचं खोटं नाही. पण आज रात्री तिथे अंगावरून जास्त जाणारी मुलगी एकटी निजली असेल, तर तिला छप्पर हवं, लोहाच्या गोळ्या हव्यात आणि तिथवर चालत जाणारी नर्स हवी. जिला त्या झोपडीत वाकून शिरायचीच लाज वाटते, तिने प्रथा बदलायच्या गोष्टी करू नयेत. माझं मत हे. वर्गाचं एकमत झालं नाही.

२ ऑगस्ट
शोधग्रामला सहल. 'सर्च' संस्थेचा माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधलाय, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येतं. संस्थेचे डॉ. अभय बंग सांगतात की दवाखाना उभारण्याआधी लोकांना विचारलं, तेव्हा त्यांनी पांढऱ्या कपड्यांनाही हरकत घेतली होती. पांढरं आम्ही मढ्याला गुंडाळतो, ते घातलेली माणसं जीव कसा वाचवणार? ऐकताना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशातल्या माझ्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. परतताना गाडीत गणवेशाच्या रंगावर वाद, मग गाणी.

११ ऑगस्ट
अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षेत नवं स्टेशन मागितलं: मराठी न येणाऱ्या रुग्णाची हिस्टरी. परीक्षार्थीला त्या रुग्णाची भाषा येत नसावी, ही अट. दुभाष्याला कुठे बसवता, बघता रुग्णाकडे की दुभाष्याकडे, नातेवाइकांसमोर काय विचारत नाही, हे सगळं तपासायचं. रुग्ण म्हणून वॉर्डातल्या माडिया मावशी बसतील आणि गुणांचा काही भाग त्याच देतील. दुभाष्याच्या कामाची नोंद लॉगबुकात घ्यावी, हेही लिहून दिलं.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "मावशी गुण देणार? त्या सातवी पास आहेत."
म्हटलं, "रुग्णही बहुधा तेवढंच शिकलेले असतात, मॅडम."
मी दहा मागितले होते. पाचावर सही मिळाली. लॉगबुकाचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाल्या.