लाल दोऱ्याच्या शेंगा

देवनारला राहायला आल्यावर पहिल्याच थंडीत मी कुंपणाशी वाटाणा लावला. सासवडकडचा मटार डोळ्यांसमोर होता. ताण्यांनी जाळी घट्ट धरली, फुलंही आली, पण शेंग धरेना. वाटाण्याला खरी थंडी लागते. आमच्या खाडीकाठी जानेवारीतसुद्धा दुपार तापते. पुढच्या जूनमध्ये रायगडातल्या मावशीने मूठभर गावठी वाल दिला. तेव्हापासून तोच.

वालाला ताणे नसतात. अख्खा शेंडाच सुतळीला पीळ घालत चढतो. वाऱ्याने सुटला तर त्याच्याच पिळाने गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर पुन्हा सुटतो. खत म्हणजे घरच्याच ओल्या कचऱ्याचं. १९२७ पासून शहराचा कचरा झेलणाऱ्या देवनारात निदान आमची भाजीची देठं तरी त्या डोंगरावर जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

गणपतीपर्यंत वेल कुंपण झाकतो, पण फूल नाही. शेजारच्या काकू दर वर्षी विचारतात, “अगं, नुसता पालाच का?” दिवस लहान होऊ लागल्याशिवाय गावठी वाल फुलत नाही, घाई करून उपयोग नाही. दिवाळीच्या सुमारास तुरे येतात. देठांवर मुंग्यांची रांग दिसली की मावा आला समजायचं. मी तो पाण्याच्या धारेखाली बोटांनी चोळून काढते.

भरदार अशा बारा शेंगांना मी लाल दोरा बांधते. त्या घरात कुणी तोडायच्या नाहीत. वेलावरच वाळून खुळखुळल्या की उतरवायच्या. बी दाताखाली दाबून पाहायचं. खूण उमटली तर अजून ऊन हवं. तांबूस बी, कडेला पांढरी रेघ. मावशीकडच्या चुलीच्या राखेत घोळवून बरणीत भरलं की भुंगा लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण असेच घरात राखले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला घरातल्याच कुणाचा मान झाल्यासारखं वाटलं.

उरलेल्या दाण्यांचं बिरडं. मोड आलेला वाल कोमट पाण्यात घालून चिमटीत दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन ताटात पडते. वर आमसूल, गूळ, ओलं खोबरं.

यंदा बारा शेंगांतून बेचाळीस बिया निघाल्या. मला दहा पुरतात. बाकीच्यांच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे वीतभर माती आणि चढायला जाळी आहे, त्यांनी पावसाआधी येऊन न्याव्यात.