रंगीत तालीम

मंडळाच्या नाटकात काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. नुसत्या वाचनाच्या वेळी सगळेच तयार असतात. रंगीत तालमीत दिवे लागतात, धोतर पायात येतं, आणि मग कळतं कोण कोणाला सावरून घेतं ते!

सनीव्हेलहून १०१ ने जाताना मॉफेट फील्डचा अवाढव्य हँगर दिसतो. तिथेच नासाचं एम्स संशोधन केंद्र आहे. १९७०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी वैमानिकांच्या रंगीत तालमीचा अभ्यास केला. जंबो जेटच्या सिम्युलेटरमध्ये अनुभवी वैमानिकांचे पूर्ण चमू बसवले आणि वाटेत इंजिनाचा बिघाड घडवला. विमान चालवणं सगळ्यांना येत होतं. चुका झाल्या त्या बहुतेक कामाची वाटणी, निर्णय आणि नेतृत्व यांत.

२८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंडजवळ एक विमान इंधन संपून कोसळलं, १० माणसं गेली. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते. सहकाऱ्यांनी इंधनाबद्दल सुचवलं, पण ठणकावून सांगितलं नाही. १९७९ मध्ये नासाने यावर परिषद भरवली, आणि पुढे वैमानिकांना एकत्र काम करण्याचं शिक्षण सिम्युलेटरमध्ये मिळू लागलं.

१९ जुलै १९८९ रोजी आयोवावर एका विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. अशा संकटाची तालीम कोणीच केली नव्हती. तरीही २९६ पैकी १८४ जण वाचले. कॅप्टन अल हेन्स यांनी त्याचं श्रेय या शिक्षणालाही दिलं. विमानात प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही त्यांनी मदतीला घेतलं होतं.

मला वाटतं, ही गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. 'मोठ्यांना उलट बोलू नये' हे आपण बाळकडूसोबत प्यायलो. एरवी तो गुण, पण भूकंपात?

१७ ऑक्टोबर १९८९ चा लोमा प्रिएटा भूकंप इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. दर ऑक्टोबरमध्ये 'शेकआउट'चा सराव असतो, त्या दिवशी घरीही तालीम करा. अगदी खरी वाटेल अशी करा: दिवे बंद, फोन बाजूला. भारतातून आलेल्या आजींचा हात कोण धरणार, गॅसचा वास आला तर काय करायचं, हे करूनच पाहा. मग चहा घेत पाच मिनिटं बोला, काय चुकलं ते. आणि नातू म्हणाला, "आजोबा, तिकडून नको," तर आजोबांनी थांबायचं. ही तालीम त्यासाठीच आहे.