कापलेला दोरा

आमची धाकटी दोन वर्षांची असताना तिचा ताप आठवडाभर उतरत नव्हता. अम्मांनी कुठून तरी तावीज आणून तिच्या दंडाला बांधला. आम्ही दोघे शिक्षक, वर्गात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारे. रात्री अम्मा झोपल्यावर आम्ही तो दोरा कात्रीने कापला. सकाळी त्यांच्या ते लक्षात आलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. औषधाने, अल्लाहच्या कृपेने मुलगी बरी झाली. अम्मांचा अबोला मात्र बरेच दिवस टिकला.

हे सगळं परवा पुन्हा आठवलं, ते इराणी शिल्पकार परवेज तनावोली यांच्या कामाची छायाचित्रं पाहताना. तनावोलींचा जन्म १९३७ सालचा, तेहरानचा. तिथल्या जुन्या गल्ल्यांत 'सक्काखाना' असतो. करबलाच्या तहानलेल्या शहीदांच्या आठवणीत बांधलेली ही छोटी पाणपोई. तिच्या जाळीला लोक मन्नतीची कुलुपं आणि चिंध्या बांधत. १९६० च्या सुमारास तनावोली, हुसैन जेंदेरूदी अशा तरुण कलावंतांनी ही कुलुपं, जाळ्या, पंजे, तावीजांवरची अक्षरं आणि आकडे आपल्या कलेत आणले. त्या प्रवाहालाच पुढे 'सक्काखाना' हे नाव मिळालं. तनावोलींनी तर जुनी कुलुपं आयुष्यभर जमवली.

१९६५ पासून त्यांनी एकाच फारसी शब्दाची अनेक शिल्पं घडवली, 'हीच'. उर्दूत आपण त्याला 'हेच' म्हणतो, म्हणजे काहीच नाही, तुच्छ. मराठीत मात्र 'हेच' म्हणजे नेमकं हे! दोन्ही भाषा शिकवताना या शब्दाकडे आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

हिफाजत करणारा अल्लाहच, दोरा नव्हे. यात आमचं मत तेव्हा जे होतं तेच आजही आहे. पण त्या जाळीवरची कुलुपं पाहताना लोखंडापेक्षा ती लावणारे हात दिसले. संध्याकाळी आम्ही अम्मांजवळ जाऊन बसलो आणि दोऱ्याचा विषय काढला.

"बेटा, शिफा अल्लाहच देतो, हे मला कळत नव्हतं का?" अम्मा म्हणाल्या. "तू दवाखान्यात धावत होतास, सून रात्रभर जागत होती. मी म्हातारी काय करणार होते?"

आमच्या लेखी तो दोरा उर्दूतला 'हेच' होता. अम्मांच्या हाती देण्यासारखं मराठीतलं 'हेच' होतं. चूक दाखवायचीच होती, तर ती दिवसाउजेडी, त्यांच्याशेजारी बसून दाखवायला हवी होती. चोरून कात्री चालवायला नको होती.

"अम्मा, आजपासून रात्री तिच्यावर दम तुम्हीच करा," आम्ही म्हणालो.

आता झोपण्यापूर्वी अम्मा फलक आणि नास या सूरा पढतात आणि नातीवर फुंकर घालतात. ती सातवीत आहे. "दादी, गुदगुल्या होतात," म्हणते, पण मान पुढे करते.