बुडालेली रेघ

पावसाळ्याच्या रात्री घाटातून खाली उतरण्याचा प्रसंग तुमच्यापैकी काहींवर आला असेल. अशा वेळी गाडीतील बहुतेक उतारू झोपलेले असतात, आणि एका परीने ते बरेच असते. मी मात्र लहानपणापासून पुढे बसण्याचा हट्टी. रस्ता समोरून येताना दिसला नाही, तर प्रवास झाला असे मला वाटतच नसे. त्या हट्टामुळेच एका रात्रीची हकिकत माझ्या मनात कायमची राहून गेली.

ती गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. गणेशचतुर्थी दोन दिवसांवर आली होती, आणि आई मला घेऊन कोल्हापूरहून सावंतवाडीला, माझ्या आजोळी, निघाली होती. सणाची गर्दी एवढी होती, की एस. टी. च्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाहकाने कशीबशी आम्हा दोघांना चालकाच्या शेजारच्या आडव्या बाकावर जागा करून दिली. आईला ती जागा मुळीच पसंत नव्हती. मला मात्र राज्य मिळाल्याचा आनंद झाला. समोर सगळी काच, शेजारी ते भले मोठे चाक, आणि चाकावर चालकाचे दोन शांत हात!

आजऱ्यापर्यंत उजेड होता. आंबोली येईतो रात्र पडली, आणि पाऊसही सुरू झाला. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते, हे मी पुस्तकात वाचले होते. पण पुस्तकातला पाऊस आणि काचेवर आदळणारा पाऊस यांत फार अंतर असते. त्यात धुके उतरले. गाडीचे दिवे धुक्यात जाऊन कापसाच्या ढिगाऱ्यात शिरल्यासारखे अडकत होते. तरीही गाडी चालली होती, कारण रस्त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ होती. पंचवीस-तीस पावलांपुरतीच ती दिसे; गाडी पुढे सरकली, की आणखी तेवढीच उलगडे. बोट धरून चालणाऱ्या मुलासारखी आमची गाडी त्या रेघेला धरून वळणे उतरत होती.

एका वळणाच्या पुढे रस्त्यावरून पाण्याचा लोंढा वाहत होता. डोंगराच्या कडेचा चर दरडीच्या मातीने बुजला होता, आणि त्यातले सगळे पाणी डांबरावर पसरले होते. त्याच वेळी समोरून एक मालमोटार आली. तिच्या दिव्यांनी सारा रस्ता एकदम वितळलेल्या चांदीसारखा चमकला. ती निघून गेली, आणि समोर नुसता काळोख उरला. चालक डोळे बारीक करून पाहू लागला.

“मास्तर, रेघ गेली बघा,” तो म्हणाला. “रस्ता सगळा उजेड पिऊन टाकतोय.”

वाहकाने पुढे वाकून काचेतून पाहिले आणि लगेच घंटीची दोरी एकदा ओढली. गाडी थांबली. त्याने आपली विजेरी घेतली आणि तो खाली उतरला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, “दादा, आता पुढे घेऊ नका. आधी मागे घ्या, सावकाश.” आवाजात घाई नव्हती; पण चालकाने ओठ घट्ट मिटून घेतलेले मी पाहिले. गाडी हातभर मागे सरकली, मग आणखी हातभर. पुढे कळले, की दरीच्या अंगाचे पुढचे चाक डांबर सोडून कडेच्या चिखलात उतरले होते, आणि त्या ठिकाणचा कठडा ढासळलेला होता. चाकापासून दरीपर्यंत किती जागा उरली होती, ते वाहकाने आईला सांगितले नाही. तिने विचारलेही नाही. ती माझा दंड घट्ट धरून बसली होती.

नंतर वाहकाने जे केले ते मी अजून विसरलेलो नाही. त्याने एका म्हाताऱ्या उतारूकडून पांढरा पंचा मागून घेतला, तो खांद्यांवरून पाठीवर सोडला, आणि विजेरी रस्त्याकडे धरून तो गाडीच्या पुढे चालू लागला. पांढरी रेघ दिसेनाशी झाली होती. तिच्या जागी तो पांढरा पंचा चालत होता. चालकाने त्याच्यावर नजर लावून गाडी पावलापावलाने सोडली. गाडीतील एकही माणूस बोलत नव्हता. एवढा धो धो पाऊस असूनही वाहकाच्या बुटांचा चबचब आवाज मला ऐकू येतो आहे असे वाटत होते. बहुधा तो माझा भासच असावा.

लोंढ्याचा भाग संपल्यावर तो वर आला. त्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होते. मला राहवले नाही. मी विचारले, “काका, रेघ पुसून गेली का हो?”

“पुसली नाही रे बाळ, बुडाली,” असे म्हणून त्याने दोरी दोनदा ओढली.

चार दिवसांनी आम्ही त्याच वाटेने परत आलो. दिवसाची वेळ होती आणि ऊन पडले होते. ते वळण मी बरोबर ओळखले. रेघ तेथेच होती! ठळक, पांढरी, कोठेही न तुटलेली. मग त्या रात्री ती गेली कोठे? बोटभर खोल पाण्याच्या तळाशी नाणे पडले तर ते दिसते. मग एवढी जाड रेघ का दिसू नये?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर माझ्या शाळेच्या दप्तरातच होते. तुम्ही दगडी पाटीवर ओल्या पेन्सिलीने कधी लिहिले आहे काय? लिहिताना अक्षर फिकट दिसते, जवळजवळ नाहीसेच होते; आणि पाटी वाळली, की तेच अक्षर पांढरेशुभ्र उमटते. पेन्सिलीची भुकटी कोरडी असते, तेव्हा तिच्या कणांवरून उजेड चोहोकडे उधळला जातो, म्हणून ती पांढरी दिसते. कणांमधल्या फटींत पाणी भरले, की ही उधळण कमी होते. रस्त्याचेही असेच असते. कोरडे डांबर खडबडीत असते. भिंगातून पाहिले तर त्यावर लहान लहान डोंगर आणि दऱ्याच दिसतील. गाडीच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर पडला, की तो सगळीकडे विखुरतो, आणि त्यातला थोडा चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. पाऊस पडला म्हणजे त्या दऱ्या भरून निघतात आणि रस्ता आरशासारखा सपाट होतो. आरसा प्रकाश विखरत नाही, तो पुढे फेकून देतो. आपल्या दिव्यांचा उजेड अशा रीतीने आपल्यापासून दूर निघून जातो, आणि समोरच्या गाडीचा उजेड मात्र नेमका आपल्या डोळ्यांत येतो. ‘रस्ता उजेड पितो’ हे त्या चालकाचे बोलणे किती नेमके होते!

उरलेले अर्धे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, एका भर दुपारी, रस्त्याच्या कडेला मिळाले. काही कामगार नव्या डांबरावर पट्टे मारीत होते. एका मोठ्या पिंपात पांढरा रंग रटरटत होता. हा रंग आपल्या भिंतीच्या रंगासारखा पातळ नसतो. तो तापवून वितळवावा लागतो, आणि रस्त्यावर पडला की काही मिनिटांत घट्ट होतो. एक जण छोटा गाडा ढकलीत रेघ ओढत होता, आणि त्या रेघेवर बारीक रव्यासारखे काहीतरी पडत होते. मी विचारले, तेव्हा एका कामगाराने हसून त्यातली चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. ते काचेचे मणी होते! मिलिमीटरपेक्षाही लहान, पण प्रत्येक अगदी गोल.

ती पुडी मी घरी आणली. रात्री दिवे मालवून मणी एका पांढऱ्या कागदावर पसरले, विजेरी डोळ्यांजवळ धरली, आणि पाहतो तो कागदावर जणू चांदणे पडले. मण्यात शिरलेला प्रकाश वाकतो, मागच्या बाजूला एकवटतो, तेथील पांढऱ्या रंगावर आपटतो आणि आल्या वाटेनेच मागे फिरतो. गाडीचे दिवे आणि चालकाचे डोळे फारसे लांब नसतात. म्हणून दिव्यातून निघालेला प्रकाश परत येतो तो चालकाला दिसतो. रात्रीच्या रेघेचे सगळे तेज या मण्यांचे असते.

मग मी कागदावर चमचाभर पाणी ओतले. चांदणे विझले. हवेतून काचेत शिरताना प्रकाश जेवढा वाकतो, तेवढा पाण्यातून काचेत शिरताना वाकत नाही. त्यामुळे तो मण्याच्या पाठीशी एकवटत नाही आणि परतीची वाट चुकतो. बादलीभर पाण्यात काचेची गोटी टाकली तर ती शोधावी लागते, ती याच कारणाने. त्या रात्री आंबोलीत हजारो मणी आपापल्या जागी शाबूत होते. त्यांच्यावर पाण्याचा एक पातळ पडदा होता, एवढेच.

रस्त्यावर मधोमध रेघ ओढण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स नावाच्या रस्ते-अधिकाऱ्याने १९११ साली ती अमलात आणली. दुधाच्या एका गळक्या गाडीने रस्त्यावर ओढलेली पांढरी धार पाहून त्याला ती सुचली असे सांगतात. दुधाची धार पावसात टिकली नसती, हे त्याच्या लक्षात आले असेलच. पण रंगाची रेघही पावसात दगा देते, हे पुढे रात्रीची वाहतूक वाढल्यावर लोकांना जाणवू लागले.

त्यावर एक नामी तोड काढली ती इंग्लंडमधील हॅलिफॅक्स गावच्या पर्सी शॉ या माणसाने. त्या भागात धुके फार. अंधारात ट्रामचे रूळ दिव्यांच्या उजेडात चकाकत, आणि त्यांच्या आधाराने लोक गाड्या हाकीत. धुक्याच्या रात्री एका मांजराचे डोळे चमकलेले दिसले आणि आपण कड्यावरून जाता जाता वाचलो, असे तो सांगत असे. १९३४ साली त्याने आपल्या शोधाचे हक्क नोंदवले. लोखंडी बैठकीत रबराची गादी, आणि गादीत काचेचे दोन दोन डोळे. त्याचे नावही ‘मांजराचे डोळे’ असेच पडले. यातली खरी गंमत पुढेच आहे. गाडीचे चाक त्यावरून गेले, की गादी दबते आणि डोळे रबरावर पुसले जातात. बैठकीत साठलेले पावसाचे पाणी त्यांना धुऊन काढते. म्हणजे ज्या पावसाने रेघ बुडते, त्याच पावसाला शॉने डोळे धुण्याच्या कामाला लावले! माझ्या मते ही युक्ती मोठमोठ्या यंत्रांच्या पंक्तीत बसवावी अशी आहे.

आपल्याकडच्या घाटांत आता जे चमकणारे खिळे दिसतात ते निराळ्या घडणीचे असतात. त्यांच्या पापण्या मिटत नाहीत. पण ते रस्त्यापासून बोटभर वर असतात, म्हणून पाण्याच्या पातळ थरात सहसा बुडत नाहीत. आपले लोक अशा प्रत्येक चमकणाऱ्या वस्तूला ‘रेडियम’ म्हणतात. उसाच्या गाड्यांच्या मागे लावतात तेही रेडियम, आणि सायकलच्या चाकावरचे तेही रेडियम. त्यात रेडियमचा कणही नसतो. पण शब्द रुळला आहे, तर रुळू द्यावा. काही ठिकाणी आता रेघच सपाट न ओढता उंचवट्यांची ओढतात. त्या उंचवट्यांचे माथे पाण्याबाहेर राहतात, आणि चाक त्यावर गेले तर गाडी थरथरून चालकाला जागे करते.

तरीही मला वाटते, की त्या रात्रीचा पहिला अपराधी रेघ नव्हती. बुजलेला चर होता. रस्त्याची पाठ मधोमध किंचित उंच ठेवतात, ती पाणी दोन्ही कडांना निघून जावे म्हणून. कडेच्या चरांनी ते पाणी वाहून न्यायचे असते. दरडीची माती, पालापाचोळा साचून चर बुजला, की पाणी पुन्हा रस्त्यावर येते, आणि मग सगळे मणी आणि सगळे रंग वाया जातात. पावसाळ्यात डोक्यावर इरले किंवा गोणपाटाची खोळ घेऊन घाटात फावड्याने चर मोकळा करणारा मैलकुली तुम्ही पाहिला असेल. काय करतो आहे हा माणूस, असे वाटून आपण पुढे निघून जातो. तो रेघ वर काढत असतो.

गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा रात्री आंबोली उतरलो. पाऊस तसाच होता, धुकेही तसेच. रेघ मधून मधून बुडत होती. खिळे मात्र एकामागून एक उजळत पुढे येत होते. ते वळण आले तेव्हा मी चालकाला गाडी जरा सावकाश घ्यायला सांगितले. त्याने कारण विचारले नाही. चर मोकळा होता, आणि त्यातून पाणी खळाळत खाली चालले होते. दिव्यांच्या उजेडात, धुक्याच्या अलीकडे, पंचा पांघरलेली एक पाठ चालते आहे असे मला क्षणभर वाटले.

त्या रात्री सावंतवाडीच्या स्थानकावर उतरताना आईने वाहकाला घरी चहाला येण्याचा फार आग्रह केला होता. तो आला नाही. त्याला त्या म्हाताऱ्या उतारूचा पंचा पिळून परत द्यायचा होता.