शिष्यवृत्तीचीं सहा मुलें

आमचा धंदा अध्यापनाचा म्हणून ओळखला जातो. पण तीस वर्षांचा हिशेब मांडला तर त्यांतील बराच मोठा काळ आम्हीं परीक्षा घेण्यांत, उत्तरपत्रिका तपासण्यांत आणि निकालाच्या याद्यांवर सह्या करण्यांत घालविला असें दिसून येईल. शिवाय ज्या माणसाला परीक्षेनेंच वर आणलें त्याच्या तोंडून परीक्षेची निंदा ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा वाचकांनीं करूं नये. तथापि गेल्या हिवाळ्यांत शेंदूरजनाघाटास दोन दिवस राहून आल्यापासून या बाबतींत आमचें मन स्वस्थ नाहीं. तें कां, हें सांगण्यासाठीं आम्हांला थोडें मागें जावें लागेल.

शेंदूरजनाघाट हें आमचें जन्मगांव. वरुडच्या बाजूस, सातपुड्याच्या अगदीं पायथ्याशीं तें वसलेलें आहे. संत्र्यांच्या बागांसाठीं तो सारा मुलूख प्रसिद्ध आहेच. पण आमच्या गांवाची विशेष ख्याति संत्र्यांच्या कलमांची. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून केलेलीं इथलीं कलमें दूरदूरच्या प्रांतांत जातात. आमचे वडील दुसऱ्याच्या रोपवाटिकेंत रोजानें डोळे बांधीत. दिवसाकांठीं किती कलमें झालीं हें ते सुतळीला गांठी मारून लक्षांत ठेवीत, कारण अक्षरओळख त्यांना नव्हती.

१९८० सालीं आम्ही चौथींत होतों. चौथीच्या आणि सातवीच्या मुलांसाठीं तेव्हां शिष्यवृत्तीची परीक्षा असे. ती १९५४-५५ पासून चालत आलेली. पुढें २०१६-१७ पासून ती पांचवीस व आठवीस नेण्यांत आली, आणि २०२५ सालीं शासनानें ती पुन्हां चौथी-सातवीकडे आणण्याचें ठरविलें. इयत्ता बदलल्या तरी मूळ कल्पना बदलली नाहीं. मुंबईच्या मुलाला जो प्रश्न तोच मेळघाटांतल्या मुलाला. दिवस एक, घटका एक, आणि गुण देणाराला मुलाचें नांव ठाऊक नाहीं. ही शेवटची गोष्ट केवढी मोठी आहे हें ज्यांच्या घरांत चार पिढ्या शिकल्या त्यांना एकदम कळावयाचें नाहीं. वर्गांत कोणीं कुठें बसावें, कोणाच्या पाटीकडे गुरुजींनीं आधीं पाहावें, हें आमच्या लहानपणींही पुष्कळसें आडनांवावरून ठरे. पण त्या दूरच्या परीक्षकापुढें आमचें आडनांव गेलें नाहीं, केवळ आमचा आसनक्रमांक गेला. त्या एका क्रमांकाच्या बळावर आम्हांला शिष्यवृत्ति मिळाली. खेड्यांतील हुशार मुलांसाठीं शासनानें जीं विद्यानिकेतनें काढलीं त्यांपैकीं अमरावतीच्या विद्यानिकेतनांत प्रवेश मिळाला. आणि सुतळीला गांठी मारणाराचा मुलगा आज शेक्सपिअर शिकवितो. एकाच मापानें साऱ्यांना मोजण्यांत अन्याय आहे, असें जेव्हां कोणी विद्वान् सभेंत सांगतात तेव्हां आम्हांला नेहमीं असें वाटतें कीं, माणसागणिक वेगळ्या मापानें मोजणें म्हणजे काय याचा अनुभव या गृहस्थांना आलेला नसावा.

असो. आमच्या त्या वर्गांत एकेचाळीस मुलें होतीं. जुलै महिन्यांत गुरुजींनीं त्यांतून सहा निवडलीं. या सहांचा वर्ग सकाळीं शाळेपूर्वीं भरे आणि सायंकाळीं दिवेलागणीनंतर पुन्हां भरे. गुरुजी स्वतःच्या पगारांतून नमुन्याच्या प्रश्नपत्रिका मागवीत, आणि आमच्यापैकीं कोणी आजारी पडला तर त्याच्या खाटेशीं बसून उदाहरणें घालीत. असे शिक्षक आतां दिसत नाहींत, असें आम्हीं आजवर अनेक समारंभांत सांगितलें आहे व त्यावर टाळ्याही मिळविल्या आहेत. दिवाळीनंतर मात्र दोन वेळचा वर्ग अपुरा पडूं लागला. मग भर शाळेच्या वेळांत गुरुजी आम्हां सहांना घेऊन एका कोपऱ्यांत बसत. उरलेल्या पस्तीस मुलांनीं पाढे लिहावे, शुद्धलेखन काढावें, आणि तेंही झालें म्हणजे शाळेच्या आवारांतील झाडांना पाणी घालावें. सहांपैकीं चौघांना शिष्यवृत्ति मिळाली. भिंतीवरील फळ्यावर पांढऱ्या रंगांत आमचीं नांवें लिहिलीं गेलीं, हार घालण्यांत आले, आणि गांवानें शाळेला धन्यवाद दिले.

त्या पस्तिसांपैकीं एक जण गेल्या हिवाळ्यांत आम्हांला भेटला. एका आप्ताच्या लग्नासाठीं आम्ही गांवीं गेलों होतों. दुसरे दिवशीं सकाळीं तो आम्हांला आपल्या रोपवाटिकेंत घेऊन गेला. आंबिया बहराचीं संत्रीं तोडून शेजारच्या बागेंत ढीग घातले होते आणि बायका त्यांची निवड करीत बसल्या होत्या. मोठीं एकीकडे, मध्यम एकीकडे, आणि चुरी एकीकडे. चुरी म्हणजे बारीक फळ. तें आंबट असतें असें कोणी म्हणत नाहीं. तें परमुलखाच्या पेटींत शोभत नाहीं, एवढेंच. निवड करणाऱ्या बाईलाही हें ठाऊक असतें. घरीं नेण्यासाठीं ती चुरीच उचलते. पण हें विषयांतर झालें.

बोलतां बोलतां शाळेची गोष्ट निघाली. आम्हीं सवयीनें गुरुजींचें गुणवर्णन सुरू केलें. मित्र हंसून म्हणाला, “हो न. तुमी सहा जन शिकत होते तवा आमी निंबाले पानी घालत होतो. तो निंब हाय अजून शाळेत. मोठा झाला.” त्याच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांला अधिक लागलें. पुढें त्यानें सहज सांगितलें कीं, भागाकार तो तिशी उलटल्यावर एका मुनिमाकडून शिकला. चौथीचें तें वर्ष, ज्या वर्षीं भागाकार पक्का व्हावयाचा, तें त्याचें आणि त्याच्यासारख्या चौतीस जणांचें आमच्या शिष्यवृत्तींत खर्चीं पडलें होतें. आमचा हा हिशेब आम्हीं छपन्न वर्षांच्या वयांत प्रथमच पाहिला. शिष्यवृत्तीची रक्कम शासनानें दिली असें आम्ही समजत होतों.

मग त्यानें आपलें काम काढलें. त्याची नात पांचवींत आहे. तिच्या वर्गांत सत्तावीस मुलें. शाळेनें परीक्षेसाठीं त्यांतून आठ निवडलीं. ही त्यांत नाहीं. अर्ज भरण्याची मुदत आठवड्यावर आली होती. “तुह्या शब्दाले वजन हाय. हेडमास्तरले एक डाव सांगून पाय, माह्या नातीले बसू दे मना.”

आम्हीं मुलीला पाहूं म्हटलें. सायंकाळीं ओसरींत ती आमच्यापुढें सराव-पुस्तिका घेऊन बसली. हल्लीं या परीक्षेंत दोन पेपर असतात; पहिला प्रथम भाषा व गणित यांचा, दुसरा तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणीचा. प्रत्येकास पंचाहत्तर प्रश्न, दीडशें गुण, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नास सव्वा मिनिटही नाहीं; तेवढ्यांत वाचावयाचें, ठरवावयाचें आणि चार वर्तुळांतील एक रंगवावयाचें. आगगाडीच्या वेगाचें उदाहरण मुलीनें सोडून दिलें. आम्हीं विचारलें, अठरा रुपयांना एक कलम तर साडेतीनशें कलमांचे किती? कागदाला हात न लावतां तिनें सहा हजार तीनशें सांगितले. कसे काढलेस म्हणून विचारतां म्हणाली, वीस धरले आणि सातशें कमी केले. आजोबांजवळ गिऱ्हाइकें येतात तेव्हां ती तेथें बसलेली असते.

पुढें बुद्धिमत्तेचा एक प्रश्न आला. गटांत न बसणारें पद ओळखा: इडली, डोसा, सांबार, पुरणपोळी. मुलीनें क्षणाचाही विचार न करतां सांबारावर बोट ठेवलें. “सांबार नाई बसत, आबाजी. बाकीचं खाते, सांबार त वरून टाकते.”

ज्या वाचकांचा वऱ्हाडाशीं संबंध नाहीं त्यांना हें सांगितलें पाहिजे कीं, पुण्यामुंबईकडे जिला कोथिंबीर म्हणतात तिला आमच्याकडे सांबार म्हणतात. मुलीचें उत्तर बरोबर होतें. तिचें कारणही बरोबर होतें. आणि उत्तरसूचींत पुरणपोळी छापली होती. आम्हीं तिला समजावून सांगितलें कीं, येथें सांबार म्हणजे दक्षिणेकडील एक प्रकारची आमटी. ती म्हणाली, “मंग तसं लिहून देत जा न.” एम्. ए. पर्यंतच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माणसाला यावर उत्तर सुचलें नाहीं.

ही अडचण नवी नाहीं. फ्रान्समध्यें बिने यानें १९०५ सालीं मुलांची बुद्धि मापण्याचें साधन तयार केलें, अमेरिकेंत त्याची स्टॅनफर्डची आवृत्ति निघाली, आणि आपल्याकडे धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं तिचें रूपांतर करून १९४० सालीं हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावर आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या मुलांसाठीं रचलेला प्रश्न जसाच्या तसा आपल्या मुलाला विचारला तर बुद्धि मोजली जात नाहीं, परिचय मोजला जातो, हें ध्यानीं घेऊनच असें रूपांतर करावें लागतें. पॅरिसहून धारवाडास येतांना प्रश्न बदलावे लागतात हें सर्वांना पटतें. पुण्याहून सातपुड्याच्या पायथ्याशीं येतांनाही कांहीं बदलावें लागेल हें मात्र लवकर पटत नाहीं, कारण दोन्हींकडे मराठीच बोलतात असा आपला समज असतो.

पण खरें सांगावयाचें तर सांबाराचा दोष किरकोळ आहे. चांगला प्रश्नकर्ता तो उद्यां सुधारूं शकेल. आमच्या मनाला जें लागलें होतें तें निंबाचें झाड. परीक्षेच्या निकालाला किंमत आली कीं शाळा निकालासाठीं चालूं लागते, ही गोष्टही जुनीच. इंग्लंडांत १८६२ सालीं वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेंत मुलें उतरतील त्या मानानें शाळांना अनुदान देण्याचा नियम झाला. मॅथ्यू आर्नल्ड, ज्याच्या कविता आम्ही दरवर्षीं वर्गांत शिकवितों, हा पोटासाठीं शाळा-तपासनीस होता. या नियमानें शिकवणें यंत्रवत् होतें असें तो सरकारला परोपरीनें सांगत राहिला. आणि आपल्याकडे जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें त्यांत शिष्यवृत्त्यांचाही विचार आहे. स्पर्धेनें शिष्यवृत्त्या देणें तत्त्वतः न्याय्य दिसलें तरी त्यायोगें इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाहीं, ज्यांना तिची गोडी आधींच लागली आहे त्यांनाच उत्तेजन मिळतें, अशी त्यांची तक्रार होती. हें निवेदन आम्हीं पदवीच्या वर्गांत असतांना वाचलें होतें; आणि आपण फुल्यांच्या ‘इतर वर्गांत’ मोडतों, तेव्हां ही तक्रार आपल्या बाजूची, असें समजून पुढें गेलों होतों. त्या ओसरींत बसून प्रथमच लक्षांत आलें कीं, त्या एकेचाळिसांच्या खोलींत आपण दुसऱ्या बाजूला होतों.

दुसरे दिवशीं शाळेंत गेलों. मुख्याध्यापक चाळिशीचे, बोलके आणि थकलेले गृहस्थ होते. पांच वर्गांना मिळून तीन शिक्षक. “सर, मीटिंगमध्यें विचारतात तें एवढेंच कीं, किती मुलें पात्र झालीं? बाकीच्यांच्याही चाचण्या येतात. पण त्या आम्हीच तपासायच्या आणि गुण आम्हीच भरायचे. त्यावरून कोणाची झोप उडत नाहीं.” आम्हीं त्यांना ‘असर’च्या पाहणीची आठवण दिली. प्रथम संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून होणाऱ्या या पाहणींत स्वयंसेवक खेड्यांतील घरोघर जाऊन मुलापुढें दुसरीच्या पातळीचा उतारा आणि एक साधा भागाकार ठेवतात. त्यांत कोणाला बक्षीस नाहीं, कोणाचें नांव फळ्यावर जात नाहीं. म्हणूनच तिची तयारी करून घेण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि म्हणूनच ती खरें सांगते. मुख्याध्यापक म्हणाले, “खरें आहे, सर. पण तिच्यासाठीं कोणी हार घालीत नाहीं.”

मग आम्हीं मित्राच्या नातीचें नांव काढलें. त्यांनीं कांहींएक न विचारतां यादींत नववें नांव लिहिलें. ज्या परीक्षेचा मोठेपणा आम्हीं वर सांगितला, जींत कोणाच्या शब्दाला वजन नाहीं, तिच्या दारांतून एक मूल आंत गेलें तें आमच्या शब्दानें. (फेब्रुवारींत ती परीक्षेस बसली व पात्र ठरली, गुणवत्तायादींत तिचें नांव नाहीं.)

उठतां उठतां आम्हीं विचारलें, “आणि उरलेलीं अठरा?”

मुख्याध्यापकांनीं पेन खालीं ठेवलें. “शनिवारची शाळा सकाळची असते. आपण येऊन दोन तास घेतलेत तर सत्तावीसही बसवूं कीं, सर. जागा निंबाखालीं आहे.”

अमरावतीहून शेंदूरजनाघाट शंभरेक किलोमीटर. आम्हीं हो म्हटलें. तीन शुक्रवारीं आम्ही रात्रीं गांवीं मुक्कामाला गेलों आणि तीन शनिवारीं सकाळीं सत्तावीस मुलांना भागाकार शिकविला. नऊ जणांना येत होता, अठरा जणांना नव्हता, आणि तिसऱ्या शनिवारीं त्यांपैकीं सात जणांना येऊं लागला. चौथ्या आठवड्यांत विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. मूल्यांकनाच्या कामांत हयगय चालत नाहीं. शनिवारीं सकाळीं आम्ही बावीस नंबरची उत्तरपत्रिका तपासत असतां मित्राचा फोन आला.

“येत नाई का आज? पोट्टे निंबाखाली बसले हायेत.”