पाच वाजताची हाक

'द डिसायपल' मी बाबांबरोबर पाहिला, हे बरं झालं की वाईट, अजून ठरत नाही. एप्रिल २०२१ च्या शेवटी चैतन्य ताम्हाणेंचा हा मराठी सिनेमा नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा मी घरून काम करत इंदूरलाच होतो.

शरद नेरुळकर शास्त्रीय गाणं शिकतो. गुरूंची सेवा करतो, रात्री रिकाम्या रस्त्यांवर मोटरसायकल चालवताना कानात माईंची व्याख्यानं ऐकतो. त्या माई प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या. (त्यांचा आवाज सुमित्रा भावेंचा. सिनेमा इथे आला त्याच महिन्यात त्या गेल्या.) पुढे शरद टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली एक मुलगी बघत राहतो. आधी साधी, सुरेल. मग कपडे बदलतात, गाणंही बदलतं.

"बघा, बाजाराने हिचं गाणं खाल्लं," मी म्हणालो.

"तिचं खाल्लं असेल. याचं कुणी खाल्लं?" बाबा म्हणाले.

खरंच. शरद कशालाच विकला जात नाही. रियाज भरपूर, निष्ठा पक्की, आणि गाणं कायम थोडंसं कमी पडणारं. आदित्य मोडक स्वतः शिकलेला गायक आहे. असं 'जवळपास चांगलं' गाऊन दाखवणं त्याला किती अवघड गेलं असेल!

बाबांनी सिनेमा थांबवला. "दहावीनंतर तुझ्या गुरुजींना मी विचारलं होतं. म्हणाले, सूर आहे, पण मैफलीचा गळा नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तुला उठवलं नाही."

पहाटे पाचची ती हाक का बंद झाली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. उलट झोपायला मिळतं म्हणून खूश होतो. आणि गेली पंधरा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात सांगत आलोय, की इंजिनिअरिंगपायी माझं गाणं सुटलं. बायकोलाही हेच सांगितलंय.

"मला का नाही सांगितलंत?"

"सोळा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं? आणि तूही कुठे विचारलंस?"

मग त्यांनी सिनेमा पुढे चालू केला. शेवटी शरद बायको-मुलीबरोबर लोकलमध्ये बसलेला असतो आणि डब्यात एक भटका गायक गात येतो. शरद दुसरीकडे बघतो. बाबांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.