शेठ, दीक्षित की दिवेकर?

आमच्याकडे कॅन्सर म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला : तंबाखू होती का? दादाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. त्यामुळे त्याच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा भेटायला येणारे आधी गोंधळायचे, मग हळूच त्याच्या पोटाकडे बघायचे.

गंमत म्हणजे आदल्या वर्षी याच पोटाचं कौतुक चाललं होतं. १०४ किलोंचा दादा ९३वर आला होता. सांगलीच्या त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकं डाएट कुणाचं म्हणून विचारायची, "शेठ, दीक्षित की दिवेकर?" दादा म्हणायचा, "कुठलं काय, व्याप वाढलाय." तो खरोखरच काही करत नव्हता आणि हे कुणालाच खटकलं नाही. किडकिडीत माणूस आणखी वाळला तर घरचे त्याला हाताला धरून दवाखान्यात नेतात; जाड्या माणसाला टाळ्या मिळतात. जिना चढताना त्याला धाप लागायची, तीही वजनाच्याच खात्यावर जमा झाली.

हिमोग्लोबिन ७.९ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरक पडला, पुन्हा घसरलं. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "त्रेपन्न वर्षांच्या पुरुषाचं रक्त जातंय कुठे, ते शोधलंय का कुणी?" कोलोनोस्कोपीत उत्तर मिळालं. गाठ उजव्या बाजूला होती. तिथे आतडं रुंद आणि मळ पातळ, त्यामुळे वाट अडत नाही. गाठ वाढत राहते आणि डोळ्यांना न दिसेल इतकं रक्त झिरपत राहतं.

ऑपरेशनच्या आधी मी सर्जनना सरळच विचारलं, "हे वजनामुळेच ना?" ते म्हणाले, "एका माणसाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही. लाखो माणसांचा हिशेब मांडला की मात्र दिसतं." फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१६ साली असाच पुरावा तपासून जादा चरबीशी जोडलेले १३ कॅन्सर नोंदवले. त्यातले सहा पचनमार्ग आणि त्याला जोडलेल्या अवयवांचे : मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, जठराचा अगदी वरचा भाग आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा एक प्रकार. हा प्रकार मुख्यतः तंबाखूवाला नव्हे. पोटाच्या दाबाने आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होतो तो.

दादाला हे पटेना. चरबी नुसती पडून असते, ती कुणाचं काय वाकडं करणार? दुकानदाराला कळेल अशा भाषेत डॉक्टरांनी सांगितलं, की पोटातली चरबी हा गोदामात पडलेला माल नाही, चालू कारखाना आहे. ती दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, मग ते जास्त पाझरतं, आणि पेशींना वाढीचा इशारा मिळत राहतो. आतड्याचं अस्तर मुळातच भराभर नवं होणारं. तिथे एखादा बारीक कोंब फुटतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात.

हे ऐकत मी शेजारी बसलो होतो : ६६ किलो, हातपाय काटकुळे. डॉक्टरांनी टेप माझ्याच कमरेभोवती गुंडाळला. ९३ सेंटिमीटर! भारतीय पुरुषांसाठी इशाऱ्याची रेघ ९०वर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. आपण वरून बारीक दिसतो आणि आतून लठ्ठ असतो, ते असं. वर सख्ख्या भावाला गाठ निघालेली, म्हणून माझीही कोलोनोस्कोपी ठरली. आदल्या रात्रीच्या त्या पोट साफ करायच्या पावडरच्या पाण्याबद्दल काही न बोललेलंच बरं. एक छोटा कोंब सापडला, तो तिथल्या तिथे काढून टाकला.

ऑपरेशनमध्ये दादाच्या गाठीजवळच्या दोन लसिका ग्रंथी बाधित निघाल्या, म्हणून केमो. त्या औषधाने गार वस्तूला हात लावला की बोटांतून विजेसारख्या झिणझिण्या जायच्या. फ्रिजमधलं दूधही वहिनींनाच काढून द्यावं लागे. भेटायला येणारे मात्र, "खाण्यावर ताबा नव्हता हो," असं वहिनींच्याच स्वयंपाकघरात चहा पिता पिता कुजबुजायचे. मला याचा मनस्वी राग येतो. लठ्ठपणा धोका वाढवतो, हे खरं. पण म्हणून आजारी माणसाला आरोपी करायचा अधिकार कुणाला मिळत नाही. तसं म्हणावं तर दादाइतक्याच वजनाची कितीतरी माणसं ठणठणीत आहेत आणि त्याच वॉर्डात काही काड्यांसारखी माणसंही होती.

केमो संपली, भूक परतली, दादा ९६ किलोंवर गेला. वहिनींना आभाळ ठेंगणं झालं. तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा टेप काढला, तेव्हा त्या चिडल्याच. "अहो भाऊजी, सांगा ना यांना, माणूस आत्ता कुठे जेवायला लागलाय." मी कुणाची बाजू घ्यावी, हे मला कळेना. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं; तुपाचा विषय पुढच्या तपासणीवर ढकलला.